वर्नाच्या मागे एक

टिनकप कॅम्पची हद्द जिथे संपते तिथे एक पिवळा खांब होता, आणि त्या खांबाच्या हातभर पलीकडे वर्ना स्टकीचा ट्रेलर. खांबाच्या अलीकडे मुक्काम केला तर सरकारला फी द्यायची, पलीकडे फुकट. वर्ना अख्खा हिवाळा तिथे तळ ठोकायची. कॅम्पचा संडास वापरायची, कॅम्पच्या शेगडीवर मांस भाजायची, कॅम्पच्या छपराखाली खुर्ची टाकून बसायची, आणि निजायला मात्र खांबापलीकडे. सरकारी जमिनीवर सरकारलाच शेंडी लावण्यात जे सुख आहे ते बँकेच्या व्याजात नाही, असं तिचं मत होतं. हे मत तसं तिच्या नवऱ्याचं. पण नवरा मेला की त्याची मतं बायकोच्या वाट्याला येतात, आणि हॉइटने मागे ठेवण्यासारखं दुसरं काही जमवलंही नव्हतं.

हॉइट स्टकी गिअरबॉक्स दुरुस्त करायचा. गावातल्या सगळ्यांच्या गाड्या त्याच्या हाताखालून धडधाकट होऊन जायच्या, फक्त त्याची स्वतःची सोडून. नवराबायकोकडे वाळूत पळवायची एकेक बग्गी होती, म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्यात एक इंजिन आणि एक माणूस. वर्नाची सुरळीत चालायची, हॉइटची दर टेकडीमागे बंद पडायची. त्यामुळे ती पुढे आणि तो मागे, हा संसाराचा क्रम वाळूतच ठरून गेला.

हमरस्त्यावरून कॅम्पला आणि तिथून पुढे वाळूच्या टेकड्यांकडे जायला एका कोरड्या ओढ्यातून वाट आहे. तिच्यात एका वेळी एकच गाडी मावते आणि वळणावर पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून समोरून कोणी भेटलं की हात वर करून बोटं दाखवायची: माझ्या मागे इतके येताहेत. तीन बोटं म्हणजे तीन गाड्या. मूठ म्हणजे मी शेवटचा, जा खुशाल. समोरचा तेवढ्या गाड्या येईपर्यंत कडेला थांबतो. इथली माणसं कर चुकवतील, बायको बदलतील, निवडणुकीवरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकतील, पण बोटांच्या बाबतीत खोटं बोलणार नाहीत. वर्नाने जन्मभर एकच बोट दाखवलं. माझ्या मागे एक आहे, येतोय, म्हणजे त्याची गाडी चालू झाली तर.

चार वर्षांपूर्वी हॉइट गेला. हॉटेलात बसून ॲपल पायचा दुसरा तुकडा मागवला, आणि तो टेबलावर यायच्या आत हा खुर्चीतच कलंडला. "मला त्या वेट्रेसला तो तुकडा परत न्यायला सांगवेना," वर्ना सांगायची, "म्हणून मग मीच खाल्ला. चांगला होता."

तर हॉइट गेला, पण वर्नाचं बोट काही खाली आलं नाही. ओढ्यात कोणी भेटलं की हात आपोआप वर जायचा आणि एक बोट उभं राहायचं. जुन्या मंडळींना ते ठाऊक होतं. बर्ल पिकेट, निवृत्त प्लंबर, ज्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलायची खाज, तो समोरून यायचा, बोट बघायचा, मान हलवायचा आणि न थांबता निघून जायचा. त्याबद्दल त्याने कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

वर्नाला हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. गावातल्या घरी हॉइट मेलेलाच होता. त्याचे शर्ट चर्चला देऊन झाले होते आणि त्याची आरामखुर्ची कुत्र्याने बळकावली होती. ओढ्याच्या वाटेवर मात्र तो मेलेला नव्हता, त्याला नुसता उशीर झाला होता, आणि उशीर करणं हा तर त्याचा जन्मजात धंदा. म्हणून तिला टिनकप हवा होता. बाकी वाळू तर सगळीकडे सारखीच.

जानेवारीत एक दिवस जमीन खात्याची पांढरी गाडी आली. नवा रेंजर उतरला आणि संडासाच्या दारावर एक कागद चिकटवू लागला. वर्ना खुर्चीतून उठली.

"बेल्ट्रानांचा इसायस ना रे तू? माझ्या बसमध्ये ओकायचास तो?"

वर्नाने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. निम्म्या गावाला ती बसच्या आरशातून ओळखायची.

"एकदाच ओकलो होतो, मिसेस स्टकी," रेंजर कानापर्यंत लाल होत म्हणाला.

"दर सोमवारी. रविवारी तुझी आजी मेनुदो, तो आतड्यांचा रस्सा, चापून खायला घालायची आणि ती आतडी सोमवारी माझ्या सीटवर यायची. कसला कागद आहे?"

"कॅम्प बंद होतोय. मार्चअखेर. ओढ्याच्या तोंडाशी फाटक बसणार आणि त्याला कुलूप."

एव्हाना बर्लही हातातला पाना घेऊन आला होता. "का म्हणून?"

"इथे कोणी येत नाही म्हणून."

बर्लने आजूबाजूला पाहिलं. ओळीने ट्रेलर, वाळत घातलेल्या चड्ड्या, एकमेकांवर भुंकणारी कुत्री. "मग आम्ही कोण रे? भुतं?"

"वरच्या साहेबांच्या हिशेबी तसंच समजा," इसायस म्हणाला. "फीची पेटी तीन हंगाम रिकामी निघाली. कॅम्पात कोणी नाही तर संडास कोणासाठी उपसायचा, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही सगळे खांबाच्या पलीकडे आहात, मिस्टर पिकेट."

"पलीकडची जमीन फुकट आहे!"

"आहे ना. फुकटच राहील. फक्त तिथे जायचा रस्ता फाटकातून जातो."

बर्ल पिकेटने हातातला पाना खाली ठेवला. ज्या हातभर जागेच्या जोरावर ही मंडळी इतके हिवाळे सरकारला हसत आली, तिथे बसूनच त्यांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

वर्ना ट्रेलरमध्ये गेली, दार लावलं आणि आत कोणी नसताना हॉइटला मोठ्याने सुनावलं. "स्वतःच्या घरात शिरताना कोणी तिकीट काढतं का, म्हणे! शहाणा! गेलास आणि वर जाताना माझ्या घराला कुलूप लावून गेलास!" मग ती रडली. रडून झाल्यावर बाहेर आली आणि ट्रेलर गाडीला जोडून खांबाच्या अलीकडे आणला. पाकिटात फी भरली आणि पेटीत टाकली.

"वर्ना," बर्ल म्हणाला, "हॉइट थडग्यात कूस बदलेल."

"बदलू दे. जन्मभर एकाच कुशीवर घोरलाय. तू ऊठ आणि तुझा डबा अलीकडे घे."

"मी? मेलो तरी नाही."

"बस चालवत होते तेव्हा तुझ्यासारखी कार्टी मी शेवटच्या सीटवरून कान धरून पुढे आणायचे, बर्ल."

संध्याकाळपर्यंत सगळा मुक्काम कुरकुरत खांबाच्या अलीकडे सरकला. बर्लने आपल्या पाकिटावर लिहिलं, 'आधी संडासाला कडी लावा,' आणि मगच ते पेटीत टाकलं. इसायस दर आठवड्याला पेटी रिकामी करून पाकिटं वर पाठवायचा. वरून काही उत्तर यायचं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी वर्ना टेकड्यांवरून परत येत होती. ओढ्याच्या मधोमध समोरून इसायसची पांढरी गाडी आली. वर्नाचा हात वर गेला. एक बोट. इसायसने गाडी वळणावरच्या खाचेत घातली, तिला वाट दिली आणि थांबला.

वर्ना कॅम्पवर आली, गॉगल काढला, चेहऱ्यावरची माती पुसली, कॉफी ठेवली आणि बर्लबरोबर पत्ते खेळत बसली. ऊन उतरलं. बर्ल पत्ते चोरत होता आणि वर्ना ते बघत होती, एवढ्यात त्याच्या ट्रेलरमधल्या वायरलेस रेडिओतून इसायसचा आवाज आला. ओढ्यात एक गाडी अडकली आहे, तो म्हणाला, बराच वेळ झाला तरी बाहेर आली नाही. आतपर्यंत जाऊन आलो, दिसत नाही. कोणी मोकळं आहे का?

इथे एवढं कानावर पडलं की चुलीवरचं चुलीवर राहतं. पाण्याचे कॅन, फावडी, ओढायचे पट्टे गाड्यांत पडले, आणि जे एकमेकांशी बोलत नव्हते तेही एका गाडीत बसून निघाले. वर्नाही निघाली, सगळ्यांच्या पुढे. कोण बिचारं अडकलं असेल याची तिला खरोखरच काळजी लागली होती.

इसायस ओढ्याच्या मधोमध उभा होता, अंगभर धूळ, घसा बसलेला. तिला पाहून तो धावत आला.

"मिसेस स्टकी, तुमच्या मागे कोण होतं? कोणती गाडी?"

एकेक इंजिन बंद झालं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि सगळे दुसरीकडे बघायचा प्रयत्न करत होते.

"अरे, तो मी," बर्ल घाईघाईने म्हणाला. "मी होतो मागे. कंटाळा आला म्हणून दुसऱ्या वाटेने गेलो."

"गप बस, बर्ल," वर्ना म्हणाली. "तुझ्या बग्गीचं इंजिन आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडलंय." मग तिने इसायसकडे पाहिलं. तिला वाटलं, वाळूने पोटात घेतलं तर बरं. "माझ्या मागे कोणी नव्हतं रे. मला सवय आहे, म्हणून हात... माझ्या मागे कोणी नाही."

चार वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली. इसायसला आधी कळलं नाही, मग कळलं. त्याने टोपी काढली.

"मग हरवलेलं कोणी नाही," तो म्हणाला. "बरं झालं."

"थांबलास किती वेळ रे?" बर्लने विचारलं.

"दुपारपासून."

"हॉइट असता तरी तेवढाच वेळ लागला असता," बर्ल म्हणाला, आणि सगळ्यांत आधी वर्नाच हसली. मग सगळ्यांनी आणलेलं पाणी पिऊन टाकलं आणि कॅम्पवर परतले.

त्या दिवसापासून वर्ना मूठ दाखवू लागली. समोरून गाडी दिसली की ती स्वतःला आधी बजावायची आणि बोटं घट्ट मिटून घ्यायची. बर्ल ती मूठ बघायचा आणि त्याला वाईट वाटायचं. एक बोट बघायची त्याला सवय झाली होती. वर्नाला तर प्रत्येक वेळी हॉइटला ओढ्यात टाकून आल्यासारखं वाटायचं, पण खोटं दाखवून चालणार नव्हतं. बोटांच्या बाबतीत नाही.

मार्चमध्ये वरून उत्तर आलं. फी भरल्याबद्दल आभार, आणि कॅम्प ठरल्याप्रमाणे बंद.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी चंबूगबाळं आवरलं. ओढ्याच्या तोंडाशी नवंकोरं फाटक होतं, आणि इसायस हातात साखळी आणि कुलूप घेऊन त्याच्यापाशी उभा. आत कोणी राहिलं नाही याची खात्री करून मगच कुलूप लावायचं, असा त्याला हुकूम होता. गाड्या एकामागोमाग बाहेर पडू लागल्या आणि प्रत्येक जण त्याला बोटं दाखवू लागला. पाच. चार. तीन. दोन. बर्ल शेवटून दुसरा. त्याने एकच दाखवलं, आणि त्यासाठी नेमकं कोणतं बोट निवडलं ते सांगायची गरज नाही. हिशेबाने मात्र बरोबर होतं.

मग वर्ना आली. तिने काच खाली केली.

"शेवटच्या तुम्हीच ना?" इसायसने विचारलं.

वर्नाने आरशात पाहिलं. जन्मभर पाहत आली तसंच. ओढा रिकामा होता, वाळूवर नुसत्या चाकांच्या खुणा. तिने त्या साखळीकडे पाहिलं आणि तिला भयंकर राग आला. सरकारचा, पिवळ्या खांबाचा, हॉइटने न खाल्लेल्या त्या ॲपल पायचा. तिने हात खिडकीबाहेर काढला आणि एक बोट उभं केलं.

"मिसेस स्टकी..."

"माझ्या मागे एक आहे."

इसायसने तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा हात सवयीने वर गेला नव्हता, हे त्याला समजलं.

"किती वेळ लागेल त्यांना?" त्याने विचारलं.

"त्याचा काय नेम? गाडी जुनी आहे."

इसायसने एकदा ओढ्याकडे पाहिलं. मग त्याने साखळी आपल्या गाडीत मागे फेकली, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. वर्नाने काच वर केली आणि हमरस्त्याला लागेपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही. तिला समोरचंच धड दिसत नव्हतं.

उन्हाळाभर कचेरीतून विचारणा होत राहिली: टिनकपला कुलूप का नाही? इसायस प्रत्येक वेळी तेच कळवायचा, एक गाडी अजून आत आहे. गाडी आत असताना कुलूप लावलं तर साहेबांच्या मागे चौकशी, शोधायला माणसं पाठवली तर साहेबांच्या माथी खर्च. म्हणून साहेबांनी तो विषय टेबलाच्या खालच्या खणात सारला आणि जेवायला गेले.

नोव्हेंबरात वर्ना आली तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि त्याच्या कडीवर कोणीतरी टोपी वाळत घातली होती. संडासाला नवी कडीही होती. तिने ट्रेलर खांबाच्या अलीकडे लावला, फी भरली, हॉइटला दोन शिव्या दिल्या आणि बग्गी काढली. परतताना ओढ्याच्या वळणावर समोरून पांढरी गाडी आली.

वर्नाने एक बोट दाखवलं. इसायसने गाडी खाचेत घातली, तिला वाट दिली आणि थांबला.