बानूच्या डाव्या दाराची दोरी

बिरा गेला. आज सकाळी, बारामतीच्या दवाखान्यात.

फोन करू नगा. माझ्याच्यानं बोलणं व्हत न्हाय. हितं ग्रुपवर लिवते ते वाचा. चौथी शिकलेली हाय, चुकलं तर समजून घ्या.

बिरा माझा धाकला भाऊ. त्याच्या गाडीत बसून मी जेवढी भ्याले, तेवढी उभ्या जल्मात कशाला भ्याले न्हाय.

आणि तरी बी दर साली बसायची.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या लोकांनी मेंढरं इकली, सांगवीच्या रानात ऊस लावला. अन् बिरानं एक जुनी पांढरी मोटर आणली. फुडनं गोल, मागनं गोल. आयनं तिला भंडारा लावला आणि नाव ठेवलं बानू.

आमच्यात दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायची रीत. बिरा तर तितंच जल्मला, चिपळूणच्या अलीकडं, एका आंब्याखाली. मेंढरं गेली, पण दिवाळी सरली की आयचं पाय शिवशिवायचं.

मग बिरा बानू काढायचा. आयला घेऊन आधी उलटा माझ्या सासरी यायचा, लोणी देवकरला. दारात हॉर्न.

"आक्के, चल! घोडं उभं हाय."

"डबा तरी बांधू दे की रं."

"उशीर केलास तर मेंढरं फुडं जात्यात."

कुठली मेंढरं! पण हसू यायचं.

फलटण, कराड, पाटण. काचा खाली. आय मागच्या सीटवर मांडी घालून, कुठं कुठं आमचा तळ पडायचा ते बोट दावून सांगायची. कॅनलच्या कडंला भाकरी-ठेचा. इंजिन तापलं की बिरा पाणी घालायचा अन् बानूला थोपटायचा, "पी बाय, पी."

तसलं सुख पुन्हा मिळालं न्हाय.

मी फुडं, डाव्या दाराजवळ. समोरनं ट्रक आला की माझं हात सीटमधी रुतायचं.

"आक्के, डोळं मिट. मी हाय की."

दर बारीला हेच म्हणायचा.

एका साली कुंभार्ली घाट उतरत व्हतो. मागनं आय म्हणली, "बिरा, उतार लागला. तिचं ओझं काढ."

आमचा सारा संसार घोड्यावर लादलेला असायचा. घाट उतरताना त्यातलं निम्मं माणसांनी डोक्यावर घ्यायचं. मुक्या जीवाला उताराला राबवायचं न्हाय.

"व्हय आय," म्हणून ह्या शहाण्यानं गिअर काढला अन् चावी बंद केली.

बानूला इसावा!

इंजिन गप. नुसता वारा. आयला बरं वाटलं. मला बी. दोन वळणं.

तिसऱ्या वळणाला जळका वास आला. बिराचा पाय खाली आपटला. परत. परत. ब्रेक तापून गेलेला.

चावी फिरवली, गिअर टाकाया गेला. नुसतं खर्रखर्र. बसंना.

उजव्या अंगाला दरी.

"आक्के, डोळं मिट."

एवढंच. "मी हाय की" म्हणला न्हाय.

तवा मला कळलं.

आय मागं खिडकीतनं डोंगर बघत बसलेली. तिला काय पत्ताच न्हाय.

मी दार उघडलं.

आयला टाकून, भावाला टाकून मी उडी मारणार व्हते. एक पाय भाईर काढला व्हता.

बिरानं माझा दंड धरून आत हिसकला. एकच हात स्टिअरिंगवर. मग त्यानं बानू डोंगराला घासली. पत्रा किंचाळला, दार चेपलं, चाक गटारीत गेलं, अन् थांबलो.

आयच्या कपाळाला खोक पडली. बाकी काय न्हाय.

माणसं जमली. एक जण म्हणला, "बाईकडचं दार उघडं कसं?"

"धडकेनं उघडलं," बिरा म्हणला. माझ्याकडं बघितलं बी न्हाय.

घरी तेच सांगितलं. भावकीत तेच. आयला ती मरेपतूर तेच.

फुडल्या साली दारात हॉर्न. मी म्हणले, येत न्हाय, कंबर धरलीया. कंबर कसली! आयच्या कपाळावरचा वण बघायची छाती न्हवती.

"चल गं. तुझी जागा तयार केलीया."

बघते तर डावं दार आतनं सीटच्या दांड्याला बांधलेलं. काळ्या लोकरीची दोरी. त्यानं स्वतः वळलेली.

"दार खिळखिळं झालंय. माझ्या अंगानं चढ."

आय म्हणली, "गॅरेजात दाव की, मुडद्या."

"आसू दे आय. दोरीच बरी."

मी गुमान बसले. घाट आला तशी दोरी मुठीत धरली. बिरानं गिअर काढला न्हाय.

बानू भंगारात जाईपतूर ती दोरी तशीच व्हती. एका शब्दानं बोलला न्हाय कधी.

आता चार दिवस आयसीयूत व्हता. मशीन वाजली की मी उठून उभी ऱ्हायची. नर्स म्हणायची, "आजी, भाईर बसा."

काल म्हणला, "आक्के, भ्या वाटतंय गं."

त्याच्या तोंडनं हे पहिल्यांदा ऐकलं.

"डोळं मिट," म्हणले. "मी हाय की."

खोटं कशाला बोलू, माझं पाय दाराकडंच ओढत व्हतं. दोरी बी न्हवती.

पण बसले. त्याचा दंड धरून, शेवटपतूर बसले.

बिरा, दार मीच उघडलं व्हतं. आज समद्यांना सांगितलं.

ते भावपूर्ण-बिवपूर्ण मला लिवाया येत न्हाय.

जा बाबा. उतार हाय, सावकाश जा.

तुझी आक्का