शौकाच्या ओढ्यात, पातळी शून्य

या सहलीमागचा हेतू शुद्ध नव्हता, हे आधीच सांगून टाकते. बाबा सांगलीहून तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे दुबईत, अल बर्शाला आले होते आणि त्यांच्याकडून मला एकच गोष्ट कबूल करून घ्यायची होती: येत्या पावसाळ्यात नदीकाठच्या घरात एकटं राहायचं नाही. मिरजेला आत्या आहे, तिच्याकडे जायचं. आई गेल्यापासून दर वर्षी मी हे फोनवर सांगते आणि बाबा "बघू" म्हणतात. इथे आल्यावर समोर बसवून सांगितलं, तरी "बघू"च. मग ठरवलं, की त्यांना अशा ठिकाणी न्यायचं जिथे पाण्याचा थेंब नाही, आणि तिथल्या शांततेत विषय काढायचा.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. पुलाजवळच्या पट्टीवरची पाण्याची पातळी वाचून वर कळवायची, हे त्यांचं उभ्या नोकरीतलं काम. मला लहानपणी दमा होता म्हणून तिसरीपर्यंत मी घरीच शिकले, आणि माझे अंक, बेरीज-वजाबाकी, सगळं त्या पट्टीवर झालं. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. आमच्या गल्लीत पाणी शिरतं एकोणचाळीसला, म्हणजे इशारा लागतो तेव्हा आमचा सोफा माळ्यावर गेलेला असतो. सांगलीत फूट हे माप नाही, पत्ता आहे. वाळवंटात येऊन मला सहा वर्षं झाली, पण जुलै-ऑगस्टमध्ये ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली मी तीच पट्टी मोबाइलवर बघत असते.

तर शौका, पूर्वेकडच्या डोंगरातलं एक गाव. जाणाऱ्यांसाठी माहिती: दुबईहून सव्वा ते दीड तास, शारजा-कल्बा रस्त्याने. रस्ता इतका गुळगुळीत, की बाबा दहाव्या मिनिटाला झोपले. साधी गाडी चालते. डोंगर सुरू होण्याआधीच्या पंपावर पाण्याच्या बाटल्या घ्या आणि तिथलं स्वच्छतागृहही वापरून घ्या, पुढचा भरवसा नाही. वाटेत मलीहा गावाच्या आसपास टपरीसमोर गाडी लावून हॉर्न दिला, की करक चहा खिडकीत येतो.

"केवढ्याला?" बाबा जागे झाले.

"दोन दिरहम."

"म्हणजे पन्नास रुपये! आणि कप कागदाचा." पण त्यांनी दुसरा मागवला.

इथे डोंगरातल्या कोरड्या ओढ्याला वाडी म्हणतात. वर्षातले बरेचसे दिवस त्यात गोटे असतात आणि वीकएंडला फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबं असतात. डोंगरात पाऊस झाला तर मात्र पाणी येतं. पावसात वाडीत उतरलं तर जबर दंड होतो, गाडी जप्त होते, हे मी निघण्यापूर्वी तीनदा वाचलं होतं. हवामानाची चार ॲप बघितली. तीन म्हणत होती ऊन, चौथं म्हणत होतं पूर्वेकडच्या डोंगरात सरी. मी बहुमताने निर्णय घेतला. माझ्यासारख्या मुलीला हे शोभत नाही, पण बाबांचं विमान बुधवारी होतं.

शौकाच्या पुढे, एका शेताच्या भिंतीपाशी, उंचावर गाडी लावली. चाकामागे दगडही ठेवला. खाली, आम्ही नुकतेच आलो तो रस्ता ओढ्याचं पात्र ओलांडत होता आणि तिथेच कडेला एक खांब उभा होता. पांढरा, मग लाल, मध्ये आकडे.

तो खांब दिसला आणि माझी सहल संपली. बाबांची सुरू झाली.

"अगं, पट्टी!" असं म्हणून ते पात्रात उतरले. खजुराची झाडं, जांभळट डोंगर, निळंशार आकाश, कशाकडेही न बघता त्यांनी खांबाला प्रदक्षिणा घातली. "मीटरमध्ये आहे. रंग उडालाय खालचा. वाचायला माणूस नाही वाटतं ठेवलेला."

"बाबा, वाचायला पाणी तर पाहिजे."

"शून्य हेसुद्धा वाचनच असतं," ते म्हणाले. "लिहून घे."

मी लिहून घेतलं. अकरा वाजून दहा मिनिटं, शून्य. मग त्यांनी एका मोठ्या दगडावर बैठक मारली, सँडल काढले आणि डबा उघडला. मागे डोंगरांच्या टोकाला राखाडी ढग जमलेला मला दिसत होता. मी दाखवला.

"तो तिकडे पडेल. पाणी इथवर यायचं, मग चढायचं. तासाला चार बोटं धर. तोवर पोळी खाऊन, हात धुऊन आपण गाडीत." जन्मभर पाणी वाचलेला माणूस हे सांगत होता आणि मला अंक त्यानेच शिकवले होते. जिला गॅसचा नॉब बंद आहे की नाही बघायला लिफ्टमधून परत यावं लागतं, ती मी, त्या दगडावर शांत बसले. अकरा पंचवीस, शून्य. अकरा चाळीस, शून्य. शेजारी मी शेरा लिहिला: स्थिर. आणि विषय काढला.

"बाबा, मिरजेचं काय?"

"बघू," ते म्हणाले, आणि वरून कुणीतरी ओरडलं.

शेताच्या भिंतीवर एक म्हातारा पठाण उभा होता, दोन्ही हात हलवत. "चाचा! ऊपर आओ! ऊपर! यल्ला, यल्ला!"

"काय झालं त्याला?" बाबा म्हणाले. "पाणी तर नाही."

पाणी नव्हतंच. आवाज होता. खडीचा ट्रक रिकामा करावा तसा, फक्त तो ट्रक रिकामा व्हायचं थांबत नव्हता. मी बाबांचा दंड धरला आणि ओढला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना "चला म्हणते ना!" असं ओरडून बोलले. चढावर पठाणाने त्यांचा दुसरा हात धरला. आम्ही भिंतीपाशी पोचून वळलो, तेव्हा वळणावरून चहाच्या रंगाची एक भिंत आली. तिच्यापुढे फेस, काटक्या, कुणाची तरी निळी प्लास्टिकची खुर्ची. आमचा दगड गेला. डबा गेला. बाबांचे सँडल गेले. खांबाचा पांढरा भाग बुडाला, लाल बुडाला, आणि आकाश अजून निळंच होतं.

बाबा अनवाणी उभे होते. मग म्हणाले, "वाचायलाच मिळालं नाही."

मी मोबाइल उघडला. शेवटची नोंद: स्थिर.

रस्ता पाण्याखाली गेला होता आणि आमची परतीची वाट त्या पलीकडे होती. खान, म्हणजे तो पठाण, त्या शेताचा राखणदार. त्याने आम्हाला खोलीत बसवलं, जाड रोटी आणि काळा चहा दिला, आणि बाबांना स्वतःच्या रबरी चपला घालायला लावल्या. पैसे काढले तर म्हणाला, "बेटी, ये दुकान है क्या?"

बाबांना राहवेना. "खानसाब, आपके यहाँ कितने मीटर पे इशारा है? और धोका कितने पे?"

खान हसला. "चाचा, इधर दो ही लेवल है। पानी नहीं है, और पानी आ गया।"

"तो वो खंबा किसलिए?"

"वो गाड़ीवालों के लिए। पानी उतरेगा तब देखेगा, जाना है कि नहीं जाना। हम खंबा नहीं देखता। हम पहाड़ देखता है।"

तीन तासांनी पाणी ओसरलं. खांबावर अगदी थोडं उरेपर्यंत खानने आम्हाला सोडलं नाही. मधल्या वेळात बाबांनी ओसरण्याच्या सात नोंदी घेतल्या, माझ्याच मोबाइलवर.

परतीच्या वाटेवर मी गाडी ताशी ऐंशीने चालवत होते आणि मनातल्या मनात जिंकले होते. आता तरी पटलं असेल. मलीहाच्या अलीकडे बाबा बोलले.

"आपली कृष्णा किती चांगली आहे, नाही?"

"काय?"

"सांगून येते गं. दोन-दोन दिवस आधी सांगते. ह्याला काय ओढा म्हणायचं? ह्याच्यापेक्षा आपलं घर सुरक्षित."

पाण्यापासून लांब नेऊन ज्या माणसाचं मन वळवायचं होतं, त्याला मी नदीच्या आणखी प्रेमात पाडून आणलं होतं. मग अल बर्शाच्या वळणापर्यंत आम्ही भाजीवाल्यासारखी घासाघीस केली. मी म्हटलं, पंचवीस फुटांना घर सोडायचं. ते म्हणाले चाळीस. मी अठ्ठावीस. ते म्हणाले, "अगं, अठ्ठावीसला तर लोक पाणी बघायला पुलावर येतात." शेवटी पस्तीसवर तडजोड झाली. बुधवारी ते गेले, खानच्या चपला घालूनच.

शौकाला जावं का? जावं. डोंगर सुंदर आहेत, खर्च नगण्य आहे. फक्त आकाशात ढग असेल तर पात्रात बसू नका, मग बरोबर कितीही अनुभवी माणूस असो. मी पुन्हा गेले, कोरड्या दिवशी, खानला नव्या चपला आणि सांगलीचे बेदाणे द्यायला. पात्रात मात्र उतरले नाही.

जुलैत पाणी चढायला लागलं. मी रोज दोनदा फोन करायचे. "पातळी किती?" "सव्वीस." "पातळी किती?" "तीस. सावकाश आहे." गुरुवारी दुपारी मोबाइलवर पस्तीस दिसलं आणि मी मीटिंगमधून उठून बाहेर गेले.

"बाबा, पस्तीस झालं. निघा. आत्ता."

मागे कुकरची शिट्टी झाली आणि आत्याचा आवाज आला, "दादा, पान वाढलंय, फोन ठेव!"

"तुम्ही मिरजेला आहात? कधीपासून?"

"रविवारपासून."

"रविवारी बावीस होतं!"

"असेल. वर धरणाकडे पाऊस लागला होता. पट्टी कुठे बघत बसू?"

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू रोज पातळी विचारत होतीस," बाबा म्हणाले. "मी कुठे आहे ते नाही विचारलंस."