कोरं पीठ

गिरजाकाकू परातीत पीठ चाळलं की आधी त्यावर तळहात फिरवून ते सपाट करायची, आणि मगच पाणी घालायची. पिठावर बोट उमटलेलं तिला अजिबात खपत नसे. तिच्या घरी मी भाड्याने राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी घाईघाईत पिठात मूठ खुपसली, तर बाई ओरडलीच, "अवो मॅडम! पिठाले फुकट बोलाले लावू नका!" पांढरकवड्याच्या अलीकडचं आडगाव, शाळेतली नवी नोकरी, आणि वर ही असली घरमालकीण. झालं कल्याण, असं मी मनात म्हटलं.

नंतर कळलं. गावात कुणी गेलं की जिथं त्याला ठेवलेलं असे, त्या जागी चाळलेलं ज्वारीचं पीठ पसरत, शेजारी दिवा लावत आणि पिठावर टोपलं पालथं घालत. सकाळी टोपलं उचलून पिठावर कुणाचं पाऊल उमटलं ते पाहायचं. ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेला. आणि ते पाऊल ओळखायला लागायची गिरजाकाकू. नाकातोंडाला पदर लावून ती उकिडवी बसे, कारण तिच्या श्वासानेही पीठ हलता कामा नये.

एकदा मीही सोबत गेले. सीताराम म्हणून एक म्हातारे गेले होते. पिठावर सरळ सरळ उंदीर फिरून गेला होता. काकू म्हणाली, "ससा झाला बुढा. जन्मभर बुढीच्या धाकानं पयाला, आता मोकया रानात पयन." रडतारडता त्यांची म्हातारी खुदकन हसली, आणि मग पोटभर रडली. परत येताना मी म्हटलं, "काकू, उंदीर होता तो." तशी ती फणकारली, "मले का डोये नाईत? पन त्या बुढीले उंदीर सांगू? तुमी शायेत सांगा खरं खरं."

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडअळी, फवारणीवर फवारणी, आणि ओसरीवर दिवसभर बसून राहिलेली माणसं. म्हाताऱ्यांच्या ऐवजी हाताशी आलेली माणसं जाऊ लागली. काकूला बोलावणं आलं की आता ती उठायलाच वेळ लावायची. "बुढा गेला तं काईबी सांगा, चालते," ती म्हणायची. "जवान गेला का सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यतात वो मॅडम."

आमच्या समोरच्या घरातला गजानन ऐन फवारणीत वावरातच कोसळला. यवतमाळला नेला, आणि परत आला तो झाकलेलाच. त्याची बायको वनिता, लग्नाला उणीपुरी दोन वर्षं, मूलबाळ नाही. ती रडली नाही. पाण्याचा घोट घेतला नाही. भिंतीला पाठ लावून बसली ती बसलीच. तिची धाकटी जाऊ शोभा गरोदर होती, तीच बिचारी तिच्यापुढे पाण्याचा गडवा घेऊन विनवण्या करत होती.

सकाळी काकूने टोपलं उचललं तेव्हा मी तिच्या खांद्याशी होते. पीठ कोरं होतं. मुंगीसुद्धा फिरली नव्हती. काकूने मान वर करून वनिताकडे पाहिलं, आणि झटकन पिठावरून तळहात फिरवला. "लेकराचं पाऊल हाये," ती म्हणाली. "दूर नाई गेला वं तो. याच घरात येऊन राह्यला." सगळ्यांच्या नजरा शोभाच्या पोटाकडे वळल्या. वनिताने हात पुढे केला आणि गडवाभर पाणी घटाघटा प्यायली. घरी आल्यावर मी काकूला काही म्हणणार, तोच ती म्हणाली, "पानी पेली नं ते? झालं मंग."

मला त्या दिवशी काकूचं कौतुकच वाटलं होतं. आता आठवलं की राग येतो, आणि राग आला की लगेच तिची दयाही येते.

शोभाला मुलगी झाली. नाव ठेवलं रोशनी. वनिता तिची मोठीमाय, म्हणजे थोरली चुलती; तिने त्या पोरीला जो जीव लावला तो पाहून आधी सगळ्यांना बरंच वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं की ती पोरीचं नाव घेत नाही. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तशी. रांगणारी पोर समोर आली की वनिता डोक्यावर पदर घ्यायची. "अवो, जेवता का?" "तुमी उन्हात नोका जाऊ." दुपट्यातल्या पोरीला अहो-जाहो! बायका पदराआड हसायच्या. पण एके दिवशी ती कपाळाला कुंकू लावून विहिरीवर आली, आणि सगळ्यांचं हसू जागच्या जागी थिजलं.

पोर तीन वर्षांची झाली तेव्हा वनिताचे वडील आले. पुसदकडचा एक माणूस होता, बायको वारलेली, स्वभावाने गरीब, वनिताला करून घ्यायला तयार. वनिता म्हणाली, "बाबा, माहा नवरा घरात असताना मी दुसऱ्याच्या घरी कशी जाऊ?" म्हाताऱ्याला काही उमगेना. तिने रोशनीकडे बोट दाखवलं, तशी म्हाताऱ्याने आपली पिशवी उचलली आणि एसटीची वाट धरली. शोभा रडत आमच्याकडे धावत आली. "काकू, माह्या लेकीले ते नवरा म्हन्ते वो! पोरगी भेते तिले आता. काईतरी करा, नाईतं मी पोरीले घेऊन माहेरी जातो."

काकू तशीच अनवाणी समोर गेली. मी मागोमाग. वनिता तांदूळ निवडत होती. काकू तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "वनिता, पीठ कोरं होतं वं. मी लबाड बोलली. तू पानी प्यावं म्हनून बोलली." वनिताने हातातलं सूपही थांबवलं नाही. हसून म्हणाली, "शोभानं पाठवलं नं तुमाले? तुमी कधी लबाड बोलता का काकू?" काकूने तिच्या पायांना हात लावला. माझ्या डोळ्यांदेखत, सत्तरीच्या बाईने. वनिता ताडकन उठून आत निघून गेली.

त्यानंतर काकू कुणाच्याच घरी पीठ पाहायला गेली नाही. लोक दारात येऊन थांबत, ही आत बसून राही. "मी त्या पोरीले जिती पुरली," एवढंच म्हणायची. जेवण तुटलं. अंथरुणाला खिळल्यावर एकदा तिने मला जवळ बोलावलं. "मॅडम, मी मेली का पीठ मांडजा. टोपल्याच्या काठाले चारी बाजूनं ओली माती लावजा, मुंगी गेली नाई पाह्यजे, उंदीर गेला नाई पाह्यजे. अन् टोपलं वनितालेच उचलू देजा." मी विचारलं, "आणि खरंच काही उमटलं तर?" माझ्यावर डोळे वटारून ती म्हणाली, "इतके वर्सं पाह्यलं मी. कधीच काई नसते वो."

काकू गेल्यावर मी तिने सांगितलं तसंच केलं. माती मीच कालवली, मीच लिंपली. सकाळी वनिताला हाताला धरून आणलं. तिने माती फोडली, टोपलं बाजूला केलं. पीठ जसंच्या तसं होतं. तिने वाकून काठापर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे वळून लहान मुलीसारखी विचारू लागली, "काकू कुठंच नाई गेल्या?"

मी म्हटलं, "नाही गं. तुला त्या दिवशी तेच सांगायला आली होती ती."

वनिताने तोंड उघडलं आणि जो टाहो फोडला तो काकूसाठी नव्हता. "गजाननाऽऽ" म्हणून फोडला. जे नाव कधी ओठांवर आलं नव्हतं तेच नाव ती घेत होती, पुन्हा पुन्हा, जणू त्याला आत्ता आणून समोर ठेवलं होतं. आम्ही कुणी तिला आवरलं नाही. पुसदकडच्या त्या माणसाचं लग्न केव्हाच होऊन गेलं होतं.

आरडाओरडा ऐकून रोशनी दारात येऊन उभी राहिली, भेदरून, शोभाचा पदर धरून. वनिताचा पदर खांद्यावर पडला होता. तिने तो डोक्यावर घेतला नाही. डोळे पुसले आणि हात पुढे केला. "ये वं रोशनी. ये, मोठीमायजवय ये."

सवयीने मी "ऐकलं का काकू?" म्हणत तिच्या अंथरुणाच्या कोपऱ्याकडे वळले. तिथं ते कोरं पीठ होतं.