अर्धा इंच राखून बसलेला फ्रीज

माप घेतल्याशिवाय मी घरात उशीसुद्धा आणत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही (थोडी आहे, पण ते सोडा). घोडबंदर रोडवरच्या एका बांधकामवाल्याच्या ऑफिसात मी सत्तावीस वर्षं नकाशे काढतोय, त्यामुळे लोकांच्या खिशात पाकीट असतं तसा माझ्या खिशात टेप असतो. मुलगी बघायला गेलेलो तेव्हाही होता. माझी बायको शुभांगी अजून सांगते, की मी तिच्याकडे कमी आणि त्यांच्या खिडकीच्या चौकटीकडे जास्त बघत होतो. चौकट तिरपी होती, त्याला मी काय करणार!

तर गेल्या उन्हाळ्यात आमचा जुना फ्रीज गेला. एका दाराचा, माझ्या छातीएवढ्या उंचीचा, वीस वर्षं कुरकुर करत चाललेला. एका सकाळी त्याने कुरकुर थांबवली आणि दुपारपर्यंत दोन लिटर दूध नासलं.

इतरांकडे दूध नासतं तेव्हा दूध नासतं. आमच्याकडे दूध नासलं की आई जेवत नाही. आई शहात्तर वर्षांची. स्वयंपाक हळूहळू शुभांगीकडे गेला, बाजारहाट माझ्याकडे आला, आणि आईकडे राहिलं दूध. ते तापवायचं, निवलं की फ्रीजमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी साय काढायची, सायीला विरजण लावायचं, शनिवारी घुसळून लोणी काढायचं आणि ते कढवायचं. तूप कढत असलं की डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांना कळतं. फ्रीज गेल्यावर मी सहज म्हणालो, की आता काही दिवस तूप विकतचं आणू. आईने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "घरात माझं म्हणून एवढं एकच काम उरलंय. ते तरी राहू दे."

मी त्याच क्षणी जाहीर केलं की नवा फ्रीज आईसाठी, आईच्या सोयीचा आणि मापात बसणाराच येईल. पुढचे पंधरा दिवस मी काय काय मापलं ते सांगतो. ओटा आणि भिंत यांच्यामधली जागा, मागे हवेला सोडायचं अंतर, स्वयंपाकघराचा दरवाजा, बाहेरचा दरवाजा, त्याच्या पुढची जाळी, जिना, कठडा आणि जिन्याची दोन्ही वळणं. आमच्याकडे लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणात एकांचं चपलांचं कपाट असतं, त्याचंही माप घेतलं. घेताना आतून घरमालक बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, की सोसायटीने नोटीस काढली आहे का. मी नाही म्हणालो, पण दुसऱ्या दिवशी कपाट आत गेलेलं!

ठाण्याच्या दुकानात मी एकटाच गेलेलो. शुभांगी म्हणत होती, की आईंनाही घेऊन जाऊ, वापरणार त्या आहेत. मी म्हटलं, तिला गर्दीत कशाला दमवायचं, मापं माझ्याकडे आहेत. दुकानदाराने मला एक उंच फ्रीज दाखवला, त्यात बर्फाचा कप्पा तळाला आणि बाकी सगळं वर. "आजींना वाकायला नको," तो म्हणाला. त्या एका वाक्यावर मी विकला गेलो. डॉक्टरने आईला वाकू नका म्हणून सांगितलेलं होतंच. बर्फ कोण रोज काढतं? दूध, दही, लोणी सगळं वर, हाताशी. (कोणाच्या हाताशी, हा प्रश्न मला दुकानात पडला नाही. मी पाच फूट आठ इंच आहे.)

पण मी असा तसा थोडाच घेणार! मी वाण्याकडून खोकी आणली, ती कापून, चिकटवून फ्रीजच्या मापाचा पुठ्ठ्याचा फ्रीज केला आणि शुभांगीला एका बाजूने धरायला लावून खालून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून बघितला. ती धरत होती, पण माझ्याशी बोलत नव्हती. पहिल्या मजल्यावर लोकांनी अभिनंदन केलं, दुसऱ्यावर पेढे मागितले. रिकाम्या खोक्याचे पेढे द्यायची वेळ येऊ नये म्हणून आम्ही पाय उचलले. पुठ्ठ्याचा फ्रीज आठवडाभर स्वयंपाकघरात उभा होता. आईने एकदा त्याच्याजवळ येऊन विचारलं, "यात दूध कुठे राहील रे?" मी खिशातली पेन्सिल काढून माझ्या खांद्याच्या उंचीवर मोठा चौकोन काढला आणि सांगितलं, की ही फळी खास तुझ्या पातेल्यासाठी, बाकीच्यांत ते उंचीला बसत नाही. आई चौकोनाकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणून आत गेली. मला वाटलं, भारावली.

खरा फ्रीज आला तो दिवस मी विसरणार नाही. दोघं जण घामाने निथळत वर चढवत होते आणि मी पुढे उलटा चालत प्रत्येक वळणाला टेप लावून सूचना देत होतो. शेवटी त्यातला एक थांबला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, टेप गुंडाळा. तेवढाच अडकतोय." तर टेप गुंडाळल्यावर फ्रीज ओटा आणि भिंतीच्या मध्ये सरकला तो दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच राखून. लादी पुसताना पाणी आत जाऊ नये म्हणून खाली स्टँडही लावला, म्हणजे आणखी सहा इंच वर. स्टँडसकट फ्रीज सहा फुटांच्या वर गेलेला. बिल्डिंगमधले लोक बघून गेले. मी प्रत्येकाला सांगितलं, की आईसाठी घेतला. आई शेजारी उभी राहून हसत होती.

आणि महिन्याभरात फरक दिसायला लागला! साय अशी जाड यायची, की चमच्याने गुंडाळावी. तूप रवाळ. मी ऑफिसात लोकांना बोलावून समजावायचो, की गारवा सारखा राहिला की साय कशी धरते, नव्या फ्रीजची करामतच वेगळी. दोन जणांनी माझं ऐकून तसलाच फ्रीज घेतला. मी उघडायचो तेव्हा आईच्या फळीवर पातेलं दिसायचं नाही, चहापुरतं दूध तेवढं दाराच्या खालच्या कप्प्यात लहान भांड्यात असायचं. पण माझी उघडायची वेळ सकाळची घाईची किंवा संध्याकाळी दमून आल्यावरची, आणि दूध हे आईचं काम. मी ढवळाढवळ करत नाही. (लक्ष देत नाही याला आमच्याकडे असं म्हणतात.)

मग एका रविवारी समोरच्या सावंतकाकूंनी हाक मारली. काकू आईच्या बरोबरीच्या, एकट्या राहतात. म्हणाल्या, मलाही मोठा फ्रीज घ्यायचाय, जरा माप घेऊन दे. माझी छाती फुगली. मी टेप काढून गेलो आणि विचारलं, की एकट्या माणसाला मोठा फ्रीज हवा कशाला.

"हल्ली पुरत नाही रे," काकू म्हणाल्या. "उघडून बघ की."

मी उघडलं. छोटासा, जुना, अगदी आमच्या गेलेल्या फ्रीजसारखा. मधली पूर्ण फळी एका मोठ्या पातेल्याने अडवलेली आणि पातेल्याच्या काठावर कोरलेलं होतं: चि. विलास, बारशानिमित्त, आजीकडून.

विलास म्हणजे मी. आपल्याकडे पातेल्यावर नाव घालतात ते मंगल कार्यात भांडी हरवू नयेत म्हणून. माझं पातेलं हरवलेलं नव्हतं. माझ्या घरात सहा फुटी फ्रीज असताना ते शेजारी आश्रयाला गेलेलं होतं, वर बोटभर जाड साय घेऊन.

"मी शब्द दिलेला तिला," काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हणून मी काही सांगितलं नाही. उघडलंस तू."

मला राग आला, खरं सांगतो. ते पातेलं उचलून मी तरातरा घरी आलो आणि आईला विचारलं, की हा काय प्रकार आहे, लोक काय म्हणतील. आई नव्या फ्रीजसमोर गेली, दार उघडलं आणि उजवा हात वर करायला लागली. तो हात भाजीच्या कप्प्यापर्यंत गेला आणि थांबला. तिची फळी त्याच्या बरीच वर होती.

"आणखी जात नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

मी शुभांगीकडे बघितलं. ती म्हणाली, "मी रोज त्यांची वेणी घालते, ती काय हौस म्हणून?"

आईचा खांदा दुखतो हे मी ऐकून होतो. पण घरातल्या प्रत्येक कोपऱ्याची लांबीरुंदी तोंडपाठ असलेल्या मला आईचा हात कुठवर जातो ते माहीत नव्हतं. मी आणि शुभांगी पावणेआठला कामाला बाहेर पडलो, की आई भरलेलं पातेलं पोटाशी धरून समोर जायची. रविवारी मी भाजी आणायला गेल्यावर. मला इतकी लाज वाटली, की हातातलं पातेलं कुठे ठेवावं ते कळेना.

"अगं, मग सांगायचं ना मला," मी म्हणालो.

"तू अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलास, आईसाठी घेतला म्हणून. मग आईलाच पोचत नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मी लगेच कामाला लागलो (तेवढंच येतं). स्टँड काढला, फळ्या खालच्या खाचेत घेतल्या, टेप लावला. आईचा रिकामा हात पोचला. भरलेलं पातेलं पोचेना, दोन इंच कमी पडले. मी म्हणालो, की फ्रीज परत करतो, दुकानदाराशी भांडतो, जुन्यासारखा लहान आणतो.

"काही परत करू नकोस," आई म्हणाली. "फ्रीज चांगला आहे. तू फक्त लवकर ऊठ."

"म्हणजे?"

"साडेपाचला दूध तापलं, तर साडेसातपर्यंत निवेल. मग तू ते वर ठेव आणि जा. सकाळी उठलास की कालचं उतरवून दे, मी साय काढते. तेवढा वेळ इथे बस माझ्याजवळ."

आता रोज साडेपाचला मी स्वयंपाकघरात असतो. आई साय काढते आणि गावच्या, माणसांच्या, कोण कुठे राहिलं त्याच्या गोष्टी सांगते. त्यातल्या निम्म्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. मग ती खूण करते आणि मी पातेलं उचलून वर ठेवतो. सांडलं तर बोलणी खातो. ऑफिसात तसलाच फ्रीज घेतलेल्या त्या दोघांनी विचारलं, की तुमच्यासारखी साय आमच्या फ्रीजमध्ये का येत नाही. काय सांगणार त्यांना? स्टॅबिलायझर वेगळा घ्यावा लागतो, हे दुकानदाराने बजावून सांगितलेलं. मुलगाही वेगळा लागतो, हे तो बोललाच नव्हता.