अब्बांचे होले

वाळवंटातल्या हिवाळी सकाळीला एरवी स्वतःचा असा गंध नसतो. त्या दिवशी मात्र दवाने ओलावलेल्या वाळूवर बंदुकीच्या जळक्या दारूचा तिखट वास तरंगत होता. शारजाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर मी खांद्याला दुनळी बंदूक लावून उभी होते, आणि माझ्यामागे, शाल पांघरून, खुर्चीत अब्बा बसले होते.

पक्षाघातानंतर मी त्यांना रत्नागिरीहून शारजातल्या अल मजाज भागात आमच्या घरी आणलं. हातपाय सावरले, वाणी मात्र कुठेतरी मागेच राहिली. आम्ही त्यांच्यासमोर फोटो धरायचो, नावं विचारायचो. ते खिडकीतून पाण्यावर हलणारा प्रकाश पाहत राहायचे. आशा सोडू नका, असं डॉक्टर म्हणाले होते, पण त्यांच्या सुरात ती फारशी नव्हती. शिकारीवर बंदी येण्याआधी, ऐन तारुण्यात, अब्बा होले, म्हणजे रानातली कबुतरं, मारायला जात, हे एकदा माझ्या बोलण्यात आलं. माझा नवरा इम्तियाज म्हणाला, "इथे मातीच्या तबकड्या हवेत उडवून त्यांवर नेम धरतात. नेऊ या त्यांना. बघतील तरी."

पहिली तबकडी हुकली, दुसरीही. प्रशिक्षक हसून "यल्ला, चला, पुन्हा" म्हणाला. मी कानांवरची आवरणं जरा सारली, तेव्हा मागून खरखरीत आवाज आला.

"नळीकडे... बघू नको."

मी वळले. इम्तियाज जागीच थिजला होता.

"होल्याकडे बघ. गाल लाकडाला लाव. त्याच्या पुढे जा, मग चाप. चाप ओढलास तरी हात... थांबवू नको."

शब्द अडखळत होते, ओहोटीला खडकांतून वाट काढणाऱ्या पाण्यासारखे. पण येत होते. मी पुन्हा बार काढला. तबकडी अखंड जाऊन वाळूत पडली.

"घाई," अब्बा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

परतताना गाडीत ते तुटक तुटक बोलत राहिले. मळणी झालेल्या शेताकडे होले उतरतात त्या वाटेवर झाडाआड निश्चल बसायचं. थव्यावर बार टाकायचा नाही, एकच होला निवडायचा. तो पडला त्या जागेवरून नजर न हलवता सरळ चालत जायचं, नाहीतर सुक्या गवतात तो गवताच्याच रंगाचा होऊन जातो. "कळलं ना, नसीम?"

कित्येक महिन्यांनी माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकत होते. छातीवर इतके दिवस काय रचलं गेलं होतं, ते हलल्यावरच मला उमगलं.

मग ते खिडकीबाहेर पाहू लागले. उद्या यातलं किती उरेल, ठाऊक नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाळू हळूहळू उजळत होती, आणि त्यांच्या शेजारी बसून, काहीही न विचारता, मी ती बघत राहिले.