बंद न करता हलवायचं मशीन

धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यातली कॉम्प्युटरची कामं बघायला मी अधूनमधून जळगावहून जायची. तिथल्या जुन्या सर्व्हरवर एक कागद चिकटवलेला होता : 'बंद करू नये. केल्यास अक्काशी गाठ आहे.'

अक्का म्हणजे तिथल्या निवृत्तीला टेकलेल्या नर्स. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये सिकलसेलसाठी रक्त तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. हा आजार आईबापाकडून येतो. दोघांच्याही रक्तात तो लपलेला असला तरी ते स्वतः ठणठणीत असतात, पण लेकरू आजारी निपजू शकतं. म्हणून तिकडे रीतच पडली होती. पोरीचं नातं ठरवायच्या आधी बाप अक्कांना फोन करायचा, "अक्का, देखी सांग ना." मग अक्का, सांगू का म्हणून, मुलाच्या घरी विचारून घ्यायच्या, दोघांची नावं कॉम्प्युटरमध्ये बघायच्या आणि सांगायच्या : करा. नाहीतर, नका करू रे बाबा.

ही माहिती एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ते बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळला होता, आणि जाण्याआधी त्या दीडशहाण्यांनी अशी मेख मारून ठेवलेली, की सॉफ्टवेअर दर वेळी सुरू होताना कंपनीची परवानगी मागणार. कंपनीच नाही तर परवानगी काय माझं कपाळ देणार? बॅकअप होते, पण ते त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे. सगळं एकदम बाहेर काढायची सोय नव्हती, पडद्यावर एका वेळी एकच माणूस दिसायचा. थोडक्यात, चालू आहे तोवर आहे. बंद पडलं की संपलं.

उन्हाळ्यात सर्व्हर घरघरायला लागला. मी तरी निवांत होते. कारण ते सॉफ्टवेअर सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या एका आभासी मशीनमध्ये होतं, आणि असं मशीन चालू असतानाच, बंद न करता, दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतं. आतल्याला पत्ताही लागत नाही की आपलं घर बदललं. मी तोऱ्यात म्हणाले, "अक्का, तुमचा चहा होईस्तोवर काम झालं समजा."

नवा सर्व्हर मी जळगावहून एसटीत शेजारच्या सीटवर बसवून नेला. कंडक्टरने त्याचंही तिकीट फाडलं. धुळ्यात दोन्ही सर्व्हर जोडले, आज्ञा दिली, आणि नव्या सर्व्हरने चक्क नकार दिला. पुन्हा दिली, पुन्हा नकार. त्याचं म्हणणं, येणाऱ्या मशीनबरोबर असा एक तुकडा आहे जो मला माहीतच नाही. जुनं मशीन मात्र जुन्या जागी चालू राहिलं, एवढी देवाची कृपा.

भानगड अशी होती. आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम जगभरातली माणसं मिळून लिहितात, तो मूळ प्रकल्प. लिनक्स, म्हणजे सर्व्हर ज्यावर चालतो ती प्रणाली, पुरवणारे डिस्ट्रोवाले त्याची आपापली प्रत काढून लोकांना देतात. मशीनच्या प्रत्येक मॉडेलला नाव असतं, आणि नाव तेच तर आतली रचनाही तीच, असा कायदा. आमच्या जुन्या सर्व्हरवरच्या डिस्ट्रोने मधेच स्वतःची एक दुरुस्ती घुसडली आणि नाव तेच ठेवलं. पुढच्या आवृत्तीत ती काढूनही टाकली. आमच्याकडे घरोघर कळण्याची भाकरी होते, पण ज्वारी-उडदाचं माप ज्याचं त्याचं. तसलाच प्रकार, नाव एक आणि आतलं वेगळं. जुनी आवृत्ती नव्या सर्व्हरवर चढवावी, तर तिला नवं हार्डवेअर ओळखू येईना.

मूळ प्रकल्पाला पत्र लिहिलं. फार गोड उत्तर आलं : ही दुरुस्ती आमची नाही, डिस्ट्रोला विचारा. डिस्ट्रोला लिहिलं. ते म्हणाले, त्या आवृत्तीचा सांभाळ आम्ही थांबवलाय, मूळ प्रकल्पात विचारून बघा. टोलवाटोलवी तरी किती करावी माणसाने! आणि खरं सांगायचं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्याचाच मला जास्त संताप यायचा. शिव्या घालायच्या तरी कुणाला?

मग मीच नव्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामात हात घातला, तो अनोळखी तुकडा त्याला ओळखायला लावला. गाडी थोडी पुढे सरकली आणि दुसऱ्याच तुकड्यावर अडली. तो सोडवला तर तिसरा. अक्कांनी विचारलं, "व्हई ना, माय?" मी म्हटलं, "माहीत नाही, अक्का." त्या खुर्ची ओढून जुन्या मशीनसमोर बसल्या आणि एकेक माणूस उघडून वाचायला लागल्या. मी टाइप करत गेले. नाव, गाव, रक्त. असं गावामागून गाव चाललं होतं.

एका दुपारी घरघर थांबली. मला वाटलं सर्व्हरचा पंखा सुधारला, इतकी मी मूर्ख. पडदा काळा झाला होता. खटपट करून सर्व्हर पुन्हा उठवला, तर सॉफ्टवेअरची चौकट आली : परवानगीसाठी कंपनीशी संपर्क साधा. मी तिथेच रडले. अक्का म्हणाल्या, "रडू नको, मन्ही माय." 

त्याच आठवड्यात वरच्या अंगाच्या एका गावाहून एका पोरीच्या बापाचा फोन आला. त्या गावापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

"अक्का, पाव्हना घर येल शेतस. देखी सांग ना."

"भाऊ, मशीन मरी गयं. पोरगा-पोर दोन्हीसले आठे लई ये, रगत परत तपासूत. तोवर थांब."

"आते कसा थांबू? बठ्ठा बशेल शेतस." मागून बसलेल्या सगळ्यांचा गलबला ऐकू येत होता. "तू नही तर म्हणत नही ना, अक्का?"

"अरे, मी हा बी म्हणत नही!"

"नही नही ना? मंग झायं," तो म्हणाला. जीव भांड्यात पडल्यासारखा हसला आणि त्याने फोन ठेवला.

अक्कांनी लगेच उलटा फोन लावला. मग माझ्या फोनवरून लावला. रिंग जात होती. तिकडे कुणी उचलत नव्हतं.