कुंजंबूच्या दोन्ही बोटांवरची शाई

त्या एप्रिलात कुन्नुंपुरमच्या चहाच्या टपरीत एकच कुजबुज होती: कुंजंबूने बायकोचं मत चोरलं. तेही कपाटातून नाही, भर मतदानकेंद्रातून, सरकारी माणसांच्या डोळ्यांदेखत. सांगणारा आवाज खाली आणी, ऐकणारा ग्लास खाली ठेवी आणि मग दोघंही खो खो हसत. पुरावा म्हणाल तर कुंजंबूच्या डाव्या बोटालाही शाई होती आणि उजव्यालाही. एका माणसाच्या दोन बोटांना शाई कशी लागते, सांगा बरं.

कुंजंबू म्हणजे विणकर सोसायटीत उभं आयुष्य मागावर बसून काढलेला माणूस. अंगाने पडवळासारखा लांब आणि मताने पक्का लाल. गावात लाल झेंड्याची मिरवणूक निघाली आणि कुंजंबू तीत नाही असं व्हायचं तर त्याला ताप तरी हवा, नाहीतर मिरवणूक तरी रद्द व्हायला हवी. त्याची बायको कार्त्यायनी मात्र तिरंगीवाल्या घरातली. सासरी येताना तिने तांब्याचा एक हंडा आणला, काकडीच्या बियांची पुरचुंडी आणली आणि वडिलांची राजकीय मतं आणली. हंड्याला पुढे भोक पडलं. बाकीच्या दोन्ही गोष्टी तिने जिवापाड जपल्या.

त्यामुळे त्या घरात पडवीच्या एका भिंतीवर त्याचे पुढारी आणि समोरच्या भिंतीवर खादीतले तिचे वडील, असे वर्षानुवर्षं एकमेकांकडे रोखून बघत होते. मधे जेवणाचं टेबल. निवडणूक जवळ आली की कार्त्यायनी वाद घालता घालता नारळ खोवायची आणि वाद चढला की हातही चढायचा. ऐन प्रचारात आमटीपेक्षा खोबरं जास्त व्हायचं. लेक रीजा इथेच राहून बँकेत जायची. बापाला ती 'अच्छा' म्हणे. ताट पुढे करून म्हणायची, "अच्छा, अजून थोडं भांडा ना. आज चटणी पण करायची आहे."

"तुझं मत कुणाला, ते सांग आधी," कुंजंबू लेकीला दटावी.

"जो आपल्या गल्लीतला नळ दुरुस्त करील त्याला."

"हे काय राजकारण झालं?"

"नाही. पाणी झालं."

परसातही हीच फाळणी. विहिरीच्या अलीकडे कुंजंबूचं राज्य: सुरण, टॅपिओका, केळी. जमिनीखाली काय चाललंय ते कळू न देणारी पिकं, असं कार्त्यायनी म्हणे. विहिरीपलीकडे तिचं: कारली, चवळी, लाल माठ आणि जमिनीवर पसरलेले काकडीचे वेल. ही काकडी सोन्यासारखी पिवळीधमक. विशूच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, पहाटे डोळे उघडल्याबरोबर पहिलं दर्शन जिचं घ्यायचं, ती हीच. तिच्या शेजारी बहाव्याची फुलं, आरसा, तांदूळ; या मांडणीला कणी म्हणायचं. गल्लीतल्या झाडून साऱ्या घरांत विशूला कार्त्यायनीचीच काकडी जाई. लाल घर, तिरंगी घर, असा भेद तिने काकडीत कधी केला नाही. टोमण्यात मात्र करायची. कुंजंबूने लाल माठाचं कौतुक केलं रे केलं की म्हणायची, "हो तर. शिजवलं की रंग सोडतो मेला."

त्या वर्षी मतदान विशूच्या आठवडाभर आधी आलं आणि त्याच्याही थोडं आधी कार्त्यायनीच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी बजावलं: वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्याला माती-पाणी लागू द्यायचं नाही. काळा चष्मा चढवून बाई पडवीत खुर्चीवर बसल्या आणि विहिरीपलीकडचं राज्य कुंजंबूच्या ताब्यात आलं. ताब्यात म्हणजे काय, राबायला आलं.

"अहो कॉम्रेड! पाणी बुंध्याशी घाला. पानांना आंघोळ नको आहे."

"बुंध्याशीच घालतोय."

"आवाजावरून कळतंय मला कुठे घालताय ते. आणि त्या तिसऱ्या वेलाचं पान उलटं करून बघा, अळी असेल."

कुंजंबूने पान उलटं केलं. अळी होती. रोज संध्याकाळी त्या खुर्चीतून अशा आज्ञा सुटायच्या आणि रोज अळी सापडायची. बाईला परसातलं पानन् पान पाठ आहे, असं म्हणून त्याने मनातल्या मनात हात जोडले. माशी लागू नये म्हणून कारल्यांना कागद गुंडाळायचा होता. त्याने त्या सगळ्यांना पक्षाचा जुना पेपर गुंडाळला आणि खुशीत आला.

"कुठला पेपर वापरलात?" पडवीतून आवाज आला.

"कागदाला काय, कागद तो कागद."

"रीजा, बघ गं जरा."

रीजा बघून आली. "अम्मा, तुझी कारली संपावर गेल्यासारखी दिसतायत."

"दिसू देत," कार्त्यायनी म्हणाली. "मुळात कडूच आहेत, अजून किती होणार?"

मतदानाच्या दिवशी दोघं मिळून शाळेत गेली, मागोमाग रीजा. कुंजंबूने आधी स्वतःचं मत दिलं, डाव्या तर्जनीला शाई लावून घेतली आणि बायकोसाठी दाराशी थांबला. आतून कार्त्यायनीचा आवाज आला. "मोळे, पोरी, मला काही दिसत नाही गं. परवाच डोळा कापलाय."

मतदानकेंद्राची अधिकारी पोरसवदा बाई होती. तिने काळा चष्मा पाहिला. डोळ्यांनी अधू माणसाला सोबती घेऊन मत देता येतं. बटण सोबत्याने दाबायचं. "सोबत कुणाला न्यायचंय, अम्मा?"

"हे काय, दारातच उभे आहेत. नवरा माझा."

खोलीत दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी बसले होते. तिरंगीचा जोसकुट्टी ताडकन उठला. "चालणार नाही! मॅडम, हा माणूस... हा माणूस..."

"काय हा माणूस?"

"लाल आहे हो हा!"

"नवरा आहे ना? मग नवऱ्याचा रंग विचारायची सोय कायद्यात नाही."

लालचा प्रेमराजन खुर्चीत आरामात रेलला. फुकटचं पायसम वाढल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. जोसकुट्टीने शेवटचा प्रयत्न केला. "कार्त्यायनी चेची, अहो ताई, लेकीला न्या ना! बाहेर रांगेत उभी आहे ती."

"लेक नळाला मत देते," कार्त्यायनी म्हणाली. "मला माझं मत माणसाला द्यायचंय. आणि तू बस खाली, जोसकुट्टी. यांच्या ताटात काय पडायचं ते इतकी वर्षं मी ठरवतेय. बोट कुठे पडायचं तेही मीच ठरवीन."

कुंजंबूने सही केली: या मताची गुप्तता राखीन. सोबत्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावतात, तशी त्यालाही लावली. दोघं पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. "माझं नेहमीचं," ती कानात म्हणाली. तिचं कानात म्हणणं म्हणजे व्हरांड्यापर्यंत गेलंच. तुटलेला धागा न बघता जोडणाऱ्या कुंजंबूने त्या दिवशी दोनदा बघून बोट टेकवलं. मग यंत्राची शिट्टी वाजली आणि दोघं बाहेर आली.

दोघं घरी पोचली. चप्पल काढता काढता कार्त्यायनी म्हणाली, "दाबलंत ना?"

"दाबलं."

"कुठलं?"

"तू सांगितलंस तेच."

"हं."

त्या 'हं'ने कुंजंबूची झोप उडवली. ती 'खोटं' म्हणाली असती तर तो भांडला असता. 'बरं' म्हणाली असती तर पेज पिऊन झोपला असता. पण 'हं' म्हणजे हो नाही, नाही नाही. सकाळी पेज वाढताना 'हं', संध्याकाळी वेलांना पाणी घातल्यावर 'हं'. त्याने चवळीचा मांडव नवा बांधला, केळीच्या दोऱ्याने बांधला, तिला आवडतो तसा.

"खरंच सांगतो, कार्त्यायनी."

"मी कुठे खोटं म्हटलं? माणसाला उभ्या जन्मात एकच दिवस असा मिळतो. मोह होतोच. बरं, शेणखत उद्या घालणार की आज?"

त्याने आज घातलं.

टपरीत तर याहून वाईट हाल. तिथे त्याला कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्याने सोसल्या असत्या. पण त्याच्याच पक्षाचे लोक पाठ थोपटत होते! आत शिरला की कुणीतरी दोन बोटं वर करी. टपरीवाला चहाचे पैसे घेईना. "डबल वोट, डबल साखर," म्हणून ग्लास पुढे सरकवी.

"अहो, तसं काही नाही," कुंजंबू म्हणे.

"असं कसं असेल!" सगळे एका सुरात म्हणत आणि डोळे मिचकावत.

खरं काय ते सांगता येत नव्हतं, सही केली होती. खोटं तर सांगायचंच नव्हतं. चार दिवसांत त्याने टपरी सोडली आणि घरी चहा घ्यायला लागला. घरी चहाबरोबर 'हं' मिळत होतं. जन्मभराच्या भांडणात एक गोष्ट त्याने कधी केली नव्हती: तिच्या मताला हात लावला नव्हता. हसला होता, चिडला होता, एकदा तिच्या वडिलांचा फोटो पुसताना मुद्दाम नाक पुसायचं राहू दिलं होतं. पण मत तिचं होतं. आणि आता गावभर तोच चोर ठरला होता, नि जिच्या घरी चोरी झाली ती बाई निवांत शेंगा निवडत होती.

विशूच्या आदल्या दिवशी काकड्या उतरवल्या. यंदा त्या कुंजंबूने वाढवलेल्या, पण गुण कार्त्यायनीचा. पडवीत पिवळीजर्द रास लागली आणि गल्लीतले लोक एकेक करून न्यायला येऊ लागले. रीजा वाटत होती, कार्त्यायनी खुर्चीतून हुकूम सोडत होती: "ती देठाची प्रेमराजनच्या आईला ठेव. त्या जोसकुट्टीला एक भाजीसाठी दे, कणी ठेवत नसला तरी जेवतो ना." जोसकुट्टी पायरीवरच बसला होता. मतदानापासून तो कुंजंबूकडे बघत नव्हता.

एवढ्यात प्रेमराजन आला. देवाधर्मावर विश्वास नाही, हे आईसाठी नेतोय, असं तो दरवर्षी सांगे. तेही सांगून झालं. मग त्याने काकडी काखेत मारली आणि कुंजंबूच्या पाठीत जोरात थाप घातली.

"दोन मतांचे कॉम्रेड! चेची, रागावू नका हं. बायकोला पक्षात आणता नाही आलं, पण बायकोचं मत आणलं की नाही पठ्ठ्याने!"

सगळे हसले. कुंजंबूने कार्त्यायनीकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते कळेना. तिचे ओठ मात्र जुळत आले होते. आता येणार होतं ते. 'हं'.

ते येण्याआधीच कुंजंबूने उजवा हात वर केला.

"तिरंगीचं बटण दाबलं मी!" तो ओरडला. मिरवणुकीत घोषणा देऊन कमावलेला आवाज तो, विहिरीत घुमला. "या बोटाने! ऐकलंत सगळ्यांनी? तिरंगी! तिरंगी! तिरंगी!"

गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. प्रेमराजनच्या काखेतली काकडी निसटून पायरीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. जोसकुट्टी उठून उभा राहिला, काय करावं ते न सुचून त्याने टाळ्या वाजवल्या. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि म्हातारी विचारू लागली, "काय झालं गं? कुंजंबू पक्ष बदलतोय?"

"अच्छा," रीजा हसून हसून खाली बसली होती, "गुप्तता राखायची सही केली होती ना तुम्ही?"

"पकडा म्हणावं मला!" कुंजंबू म्हणाला. तो घामाने चिंब झाला होता आणि मतदानानंतर पहिल्यांदाच ताठ उभा होता. "पण चोर नाही म्हणवून घेणार मी. कार्त्यायनी, आता तरी बोल काहीतरी!"

कार्त्यायनी खुर्चीतून उठली. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं होतं, म्हणून तिने वाकायला रीजाला लावलं, पायरीवरचे काकडीचे तुकडे उचलून घेतले आणि एक कुंजंबूच्या हातात दिला.

"खा. घसा बसला असेल. उद्या पहाटे कणी तुम्ही मांडायची. मी डोळे मिटून येते, तुम्ही हात धरून न्या."

"म्हणजे तुझा विश्वास बसला?"

"बसला हो कॉम्रेड, बसला. प्रेमराजन, तुला दुसरी काकडी घे, बाळा. तुझा चेहरा बघवत नाही."

प्रेमराजनने काकडी घेतली आणि मान खाली घालून निघाला. दुसऱ्या दिवसापासून टपरीत कुंजंबूला चहाचे पैसे पडू लागले. तो ते खणकन आपटून देई आणि साखर कमी मागे.

खरी गोष्ट अशी, की कुंजंबूने बायकोचं मत चोरलं नव्हतं, तिने सांगितलेलंच बटण दाबलं होतं. कार्त्यायनीच्या डाव्या डोळ्याला सगळं नीट दिसत होतं आणि त्याचं बोट कुठे टेकलं ते तिने त्याच वेळी पाहिलं होतं.